वानरीचा चौथरा

आमच्या गावात मारुतीच्या देवळामागे एक चौथरा आहे. दर उन्हाळ्यात तिथे जेवण असतं. चौथऱ्याला शेंदूर लागतो, नारळ फुटतात आणि नव्या पाहुण्याला कुणीतरी हौसेनं हकीकत सांगतो. एका धनगरानं वानराच्या रूपातल्या मारुतीरायाला मारलं आणि देवानं त्याच दिवशी त्याचा उजवा हात मोडला. शाळेतल्या पोरांनाही ही हकीकत तोंडपाठ आहे. तिच्यापायी एका घराला आमच्या पट्ट्यात बरीच वर्षं कुणी बांधावर उभं करत नव्हतं.

हकीकत खोटी आहे. चौथऱ्याखाली पुरलेली आहे ती मादी. तिला धनगरानं मारलं नाही, मी मारलं. धनगराचा हात देवानं मोडला नाही, आम्ही मोडला. हे मी गावापुढे तोंडानं बोललो आहे. आता लिहूनही ठेवतो, कारण बोललेलं लोक विसरतात, किंवा विसरल्यासारखं करतात.

जुन्नरहून डिंगोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं गाव. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्याकडे उन्हाळी टोमॅटोचं वेड आलं होतं. बांबू रोवायचे, तारा ओढायच्या, सुतळीनं झाडं बांधायची आणि फळ रंगायला लागलं की नारायणगावच्या बाजारात न्यायचं. त्याच दिवसांत डोंगरातलं पाणी आटतं, झाडं उघडी पडतात आणि वानरं खाली उतरतात. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर लोकांच्या पिशव्या ओढतात ती लाल तोंडाची माकडं वेगळी. वानर पिशवी ओढत नाही, पण टोळी एकदा टोमॅटोत शिरली की एक घास घेऊन फळ फेकायचं आणि दुसरं तोडायचं, असं करत सऱ्याच्या सऱ्या नासवते.

राखणीला मी असायचो. बांधावरच्या चिंचेखाली माची बांधली होती. तिच्यावर गोफण घेऊन बसायचं आणि दिवसभर वानरांकडे बघत राहायचं. बघून बघून मला त्यांच्यातली माणसं ओळखू यायला लागली. माणसं असंच तोंडात येतं. एक म्हातारी होती. दुसऱ्या माद्या तिच्यापुढे पाठ करून बसायच्या आणि ती त्यांचे केस बोटांनी चाळायची. आमच्या ओसरीवर बायका एकमेकींच्या उवा काढतात तसंच. फरक एवढाच की वानरं चाळताना कुणाची निंदा करत नव्हती. पिल्लानं फार सतावलं की आई त्याला ढकलून द्यायची, ते किंचाळत लोळण घ्यायचं, आई मुद्दाम दुसरीकडे बघायची आणि शेवटी तीच त्याला उचलायची.

गावच्या शाळेतल्या मास्तरांनी मला एकदा समजावलं होतं की माणूस काही या वानरांपासून झालेला नाही. फार मागे दोघांचा पूर्वज एक होता, तिथून वाटण्या झाल्या. वाटण्या म्हटल्यावर मला लगेच कळलं. भावकी म्हणजे काय हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही.

त्या वर्षी टोळीचा हुप्प्या बदलला. हुप्प्या म्हणजे टोळीतला एकटा मोठा नर. जुना हुप्प्या थोराड होता, एक कान फाटलेला. बाहेरून काही नर आले, देवळाच्या पिंपळावर चढले आणि सकाळभर मारामारी चालली. नराचे सुळे बोटाएवढे असतात. जुन्याची मांडी उभी फाटली, आतलं लाल मांस मला खालून दिसत होतं. तो देवळाच्या कौलांवर पडला, तिथून गल्लीत, आणि रक्त सांडत ओढ्याकडे गेला. त्याच्या मागे कुणी गेलं नाही. तो पळाला, एवढं त्यांना पुरलं. मग आलेल्यांपैकी एकानं बाकीच्या नरांना हाकलून टोळी घेतली.

त्यानंतर नवा हुप्प्या पिल्लांच्या मागे लागला. मी माचीवर असताना माझ्या डोक्यावर, चिंचेत, त्यानं एका आईच्या पोटाला चिकटलेलं पिल्लू दातांनी ओढलं. दोघीतिघी माद्या त्याच्या अंगावर गेल्या. म्हातारीनं त्याची शेपटी धरली. पण तो त्यांच्या दुप्पट होता. पिल्लाचं डोकं फुटल्याचा आवाज मी ऐकला, कच्चं कलिंगड फुटावं तसा. ते खाली माझ्या रानात पडलं. आई उतरली, ते उचललं, छातीशी धरलं आणि परत वर गेली. माझ्या गोफणीत दगड होता. मी तो मारला नाही. हुप्प्या थोडा बाजूला सरकून चिंचेचा पाला खायला लागला होता.

मास्तर म्हणाले, नव्या नराला आधीच्याची पिल्लं नको असतात, अंगावरचं पिल्लू गेलं की आई लवकर त्याच्याकडे येते. घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"मंजी माणसावानीच की," ती म्हणाली. "पहिल्याचं पोर दुसऱ्याला कवा गोड लागलंय."

ती आई मेलेलं पिल्लू घेऊनच हिंडायला लागली. ते वाळलं, चिवट झालं, त्याचे डोळे गेले, तरी एका हातानं ते धरून ती तीन पायांवर चालायची. टोळीच्या मागे राहायची. माझी बायको पडवीच्या कठड्यावर तिच्यासाठी भाकरीचा तुकडा ठेवायची.

"तिकडं रान चाललंय आन् तू हितं पंगत घाल," मी म्हणायचो.

"तुमचं रान ती एकटी न्हाई खात."

रान चाललं होतं हे मात्र खरं. वानरं गोफणीला भीक घालत नव्हती, फटाक्यांनाही नाही. आणि वानर म्हणजे मारुतीचं रूप, त्याचा जीव घ्यायला गावात कुणी धजत नव्हतं. मग माझ्या शेजाऱ्यानं जुनी युक्ती काढली. त्याचं रान माझ्या बांधाला लागून, त्याचेही टोमॅटो. आमच्या भागातली म्हातारी माणसं सांगायची, एक वानर धरायचं, गळ्यात घंटी बांधायची आणि सोडून द्यायचं. ते टोळीकडे पळतं. टोळी घंटीला भिऊन पुढे पळते. ते मागे, टोळी पुढे, असं करत सगळी गावाची शीव ओलांडून जातात. जीव घ्यायचा नाही, म्हणजे पाप नाही.

"मारायचं कुणाला हाय राव," शेजारी म्हणाला. "दागिना घालू आन् सासरी धाडू."

घंटी माझ्याकडे होती. गावाच्या माळावर एक धनगर कुटुंब काही वर्षांपासून पाल ठोकून राहत होतं. नवरा, बायको, एक मुलगा आणि मेंढरं. शेतकरी त्याला रानात मेंढरं बसवायला बोलवायचे. मेंढरं बसली की रानाला लेंडीखत मिळतं आणि धनगराला बदल्यात धान्य. टोमॅटो लावण्याआधी माझ्याही रानात त्याची मेंढरं बसली होती. ती उठून गेल्यावर मला ढेकळांत एक पितळी घंटी सापडली. परत द्यायची होती, राहून गेलं.

औषधफवारणीचं सामान ठेवायच्या खोलीत आम्ही भुईमुगाच्या शेंगा पसरल्या, दाराला दोरी बांधली आणि आडोशाला बसलो. एखादं दांडगं वानर येईल असं वाटलं होतं. आली ती मेलेल्या पिल्लाची आई. उपाशी होती. दोन्ही हातांनी शेंगा खाता याव्यात म्हणून तिनं पिल्लू खाली ठेवलं, अगदी हळू, झोपलेलं मूल ठेवावं तसं. शेजाऱ्यानं दोरी ओढली.

आत जे झालं ते सांगायला सोपं नाही. आम्ही पोती घेऊन अंगावर पडलो. ती भिंतींवर आपटली, शेजाऱ्याच्या दंडाला कडकडून चावली. शेवटी मी गुडघ्यानं तिची छाती दाबली. तिच्या बरगड्या वाकलेल्या मला गुडघ्याला कळल्या. सुतळी ती दातांनी तोडेल म्हणून टोमॅटोची तार घेतली, घंटी ओवली, गळ्याला वेढे दिले आणि पकडीनं पिरगळले.

"अजून आवळ," शेजारी रक्त पुसत म्हणाला. "गळून पडली तर सगळं वाया."

मी आवळली. दार उघडलं तशी ती उडी मारून गेली. पिल्लू आतच राहिलं. शेजाऱ्यानं ते फावड्यानं उचलून उकिरड्यात टाकलं.

युक्ती लागू पडली. घंटी वाजली की टोळी बिथरायची, झाडावरून झाडावर, ओढ्यापलीकडे, पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत. ती त्यांच्यामागे. माचीवर बसून मी हसलो, हेही लिहून ठेवतो. टोमॅटो लाल होत होते.

पण मग तिनं एक गोष्ट केली. तिनं घंटी मुठीत धरली. पिल्लू धरायची त्याच हातानं, तसंच छातीशी, आणि तीन पायांवर, आवाज न करता, ती टोळीकडे सरकायला लागली. हे मी स्वतः पाहिलं. माकड नक्कल करतं म्हणतात, ही नक्कल नव्हती. आपल्याला काय नडतंय हे तिला कळलं होतं आणि त्यावर तिनं उपाय काढला होता. टोळी उंबराखाली बसली होती. ती हळूहळू म्हातारीच्या मागे जाऊन बसली. म्हातारीनं वळून बघितलं आणि पळाली नाही. मग हिनं तिची पाठ चाळायला हात पुढे केला. त्यासाठी मूठ सोडावी लागली आणि घंटी वाजली.

सगळी टोळी एकदम उधळली. हुप्प्या उलटा फिरला आणि तिच्यावर आला. त्यानं तिचा खांदा फाडला, मग पाठ. ती ओरडत होती आणि घंटी वाजत होती. घंटी वाजत होती म्हणून तो सोडत नव्हता. अखेर ती ओढ्यात घरंगळली.

मी संध्याकाळी शेजाऱ्याला म्हणालो, तार काढली पाहिजे. तो म्हणाला, "काढ की. तिला बोलव, म्हणावं ये बाई, बस मांडीवर." ती कुणाला जवळ येऊ देत नव्हती हे खरंच होतं. जखमेत किडे पडले. गळा सुजून तार आत रुतली. बायकोनं ठेवलेली भाकरी ती तोंडात घ्यायची आणि तिला गिळता यायची नाही. बायकोला घंटीचं मी काही सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नाही. तिनं माझ्याशी बोलणं कमी केलं.

एका सकाळी माझ्या टोमॅटोच्या सऱ्यांतून घंटीचा आवाज आला. गळ्यातल्या तारेचं पिरगळलेलं टोक मांडवाच्या तारेत अडकलं होतं आणि ती लटकून धडपडत होती. सगळी ओळ तिनं पाडली होती. मी सोडवायला गेलो. हे खरं आहे, आणि पुढचंही खरं आहे. मी हात घालताच तिनं माझा हात मनगटापासून वर फाडला. मी खाली पडलेला बांबू उचलला आणि मारला. पहिला फटका तिचे दात सुटावेत म्हणून होता. दुसरा कशासाठी होता मला सांगता येत नाही. तिनं हात वर केला, तळहात माझ्याकडे करून, मार चुकवायला माणूस करतो तसा. त्यांच्या तळहातालाही रेषा असतात. मी त्या तळहातावर मारलं, मग डोक्यावर, मग पुन्हा डोक्यावर. टोमॅटो गेले म्हणून मारलं, हात फाडला म्हणून मारलं, ती इतके दिवस मरत नव्हती म्हणून मारलं.

"बास," शेजारी बांधावरून म्हणाला. "मेली ती मघाच."

 मग तो म्हणाला, "पोत्यात घाल. देवळामागं पिंपळाखाली टाकू. वरनं पडली म्हणत्याल." देवळामागे तिला पोत्यातून काढल्यावर त्याच्या लक्षात आलं, घंटी गळ्यातच आहे. तार मांसात बुडालेली, पकड घरी, आणि हौदावर पाण्याला बायका यायला लागल्या होत्या. आम्ही तिला तशीच टाकून दोन वाटांनी निघून आलो.

थोड्या वेळात गाव जमलं. मीही गेलो, हाताला फडकं बांधून. तारेनं कापलं म्हणून सांगितलं. कुणी जवळ वाकून ती नर आहे की मादी हे बघितलं नाही. मारुती मारला, असंच पहिल्यापासून सगळ्यांच्या तोंडी होतं. मग एका म्हाताऱ्यानं घंटी बोटानं हलवली.

"ही तर मेंढराची."

"माळावरच्याची हाय," माझा शेजारी म्हणाला. "दुसऱ्या कुनाची आसनार." तो माझ्याकडे बघत नव्हता.

त्या घंटीनं वानरं पळाली होती. माणसं त्याच घंटीभोवती गोळा झाली. धनगरानं वानराला घंटी कशाला बांधली असेल, असं एकानं विचारलं. त्याचं उत्तर दुसऱ्यानं दिलं, तिसऱ्यानं त्यात भर घातली, आणि माळाकडे निघेपर्यंत प्रत्येकानं जणू स्वतःच्या डोळ्यांनी सगळं पाहिलेलं होतं. मी बोललो नाही. मागेही थांबलो नाही. मागे थांबलो तर कुणाला संशय येईल, एवढाच विचार डोक्यात होता.

पहिलं कुत्रं मारलं. ते भुंकत पुढे आलं आणि कुणीतरी त्याच्या पाठीत कुऱ्हाड घातली. धनगर पालाबाहेर आला, कोकराला दूध पाजत होता, बाटली हातातच होती. "काय झालं भाऊ," एवढंच तो म्हणाला. तुझ्या घंटीनं मारुती मारला, असं कुणीतरी ओरडलं, पण त्याला कुणी काही विचारलं नाही. लाथा, काठ्या, एकानं पायताण काढलं. त्याची बायको त्याच्यावर पालथी पडली, तिला केसांना धरून बाजूला ओढलं. मी ज्यांच्याबरोबर पंगतीला बसायचो, ज्यांच्या पोरांच्या बारशाला गेलो होतो, ती ही माणसं. त्यातला कुणी मनानं वाईट नव्हता. हुप्प्याला निदान टोळी हवी होती. आम्हाला त्या माणसाकडून काहीच नको होतं.

"याच हातानं मारलं नव्हं," कुणीतरी म्हणालं. मेंढरांच्या पाण्याची दगडी कुंडी तिथे होती. त्याचा हात कुंडीच्या काठावर आडवा ठेवला गेला. तो मी धरला होता. मी त्याला एकही फटका मारला नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत राहिलो. मारलं नाही. धरला.

त्यानं मला ओळखलं. हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, घंटी तुमच्या रानात पडली व्हती. तुमी तरी सांगा."

मी पकड आवळली. माझ्या शेजारी माझा शेजारीच उभा होता, त्यानंही ते ऐकलं. त्यानं कुऱ्हाड उलटी धरली आणि बोथट तुंब्यानं कोपराखाली घाव घातला. हाड कातडीबाहेर आलं.

त्यांच्या मुलानं मेंढरं डोंगराला नेली होती, तो परतला तेव्हा आम्ही गेलो होतो. दुसऱ्या दिवशी माळ रिकामा दिसला. तक्रार कुठे झाली नाही.

वानरीला मात्र आम्ही वाजतगाजत नेलं. न्हाऊ घातलं, शेंदूर फासला, लंगोट नेसवला, खुर्चीवर बसवून गावातून मिरवलं. न्हाऊ घालताना कुणाला मादी दिसली असेल तर तो बोलला नाही. घंटी तेव्हा पकडीनं काढली. दशक्रियेला निम्म्या गावानं डोकं केलं, त्यात मीही होतो. न्हाव्यापुढे मान खाली घालून बसलो तेव्हा मला खरोखरच रडू आलं आणि लोकांना माझ्या भक्तीचं कौतुक वाटलं. बायको जेवायला आली नाही. घरी गेलो तर चुलीपुढे बसली होती.

"मादी व्हती ती," ती म्हणाली. "बाईमाणसाला लंगोट नेसवलात तुमी."

देवळामागे तिला पुरलं होतं, त्यावर चौथरा बांधला गेला. वर्षं गेली आणि हकीकत बदलत गेली. आधी म्हणायचे, आम्ही धनगराला धडा शिकवला. मग म्हणायला लागले, त्याला शिक्षा झाली. मग देवानं हात मोडला. आमच्या काठ्या, कुऱ्हाड, कुत्रं, त्या बाईचे केस, सगळं गळून गेलं. हे वानराला जमत नाही. ज्यानं चिंचेवर पिल्लू मारलं तो त्याच झाडावर पाला खात बसला होता, पिल्लू कुणी मारलं हे त्याला कुणाच्या गळ्यात बांधायचं नव्हतं.

दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. नातू शाळेतून आला आणि मला विचारलं, "आजोबा, देवानं हात मोडला तवा तुमी व्हता का तिथं?" मी व्हतो म्हणालो. "मंग दिसला का देव?" मी हो म्हणालो.  बायको समोर बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "आता पोराला बी लावा त्याच नादाला."

धनगर डिंभ्याच्या धरणाजवळ बायकोच्या भावाकडे असतो असं कळलं होतं. घोडेगावहून गाडी कधी मिळते कधी नाही, धरणाच्या कडेनं चालतच गेलो. तो खोपटासमोर बसला होता, मेव्हण्याचं मासे धरायचं जाळं पायाच्या बोटांत ताणून डाव्या हातानं विणत होता. उजवा हात कोपरापासून बाहेर वळलेला, मांडीवर ठेवून दिलेला. त्या हातानं मेंढी कातरता येत नाही की पाला तोडता येत नाही.

"कुठलं पावणं," त्यानं विचारलं. पूर्वी भाऊ म्हणायचा.

"ओळखलं नाही का."

"वळखलं की. तोंड इसरलं आसतं. पकड न्हाई इसरत मानूस."

मी सगळं सांगितलं. घंटी मला सापडली, तार मी बांधली, वानरी मी मारली. तो जाळं विणत राहिला.

"ठावं हाय," तो म्हणाला.

"मग तुम्ही मोठ्यानं का नाही बोलला तेव्हा?"

"मोठ्यानं बोललो आसतो तर तुमाला मारलं आसतं व्हय त्यांनी? मलाच आनखी मारलं आसतं, तुमचं नाव घेतलं म्हून."

मी हात जोडले. म्हणालो, माफी मागायला आलोय.

"हितं कशाला मागता," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "हितं मला कुनी मारलं न्हाई. जिथं मारलं तिथं बोला. माझं लेकरू आता त्याची मेंढरं घिऊन हिंडतंय. तुमच्या पट्ट्यात त्याला कुनी रानात बसू देत न्हाई. मारुती मारनाऱ्याचं पोर म्हनत्यात. माझा हात काय सरळ व्हनार न्हाई. त्याच्या नावाला लागलंय तेवढं पुसा."

हो म्हणून आलो आणि तरी दोन उन्हाळे गप्प बसलो. तिसऱ्या उन्हाळ्यात चौथऱ्यावर जेवण होतं. माझा शेजारी आता देवळाचा कारभार बघत होता, लापशीचं पातेलं घेऊन स्वतः वाढत होता. पंगत बसली तेव्हा मी उठलो आणि बोललो. सगळं, जसं वर लिहिलंय तसं. पहिल्यांदा लोक हसले. एका पोरानं विचारलं, "बाबा, ऊन लागलं का?" मग मी वानरी म्हणालो, मादी म्हणालो, तेव्हा हसणं थांबलं.

"मग हात कुनी मोडला?" कुणीतरी विचारलं.

"धरला मी. मोडणारा इथंच आहे. त्याचं त्यानं बोलावं."

शेजाऱ्याच्या हातातला डाव तसाच राहिला. तो काही बोलायच्या आत मागून एकानं मला ढकललं. देवाला मादी म्हणतो, असं तो ओरडत होता. मी चौथऱ्याच्या कडेवर तोंडावर आपटलो, पुढचे दात तुटले. कुणीतरी पाठीत लाथ घातली. पंगत उठली होती. त्या आवाजाचा चढ मला ओळखीचा होता, माळावर मी त्याच्या आत होतो.

शेजारी मध्ये पडला. "सोडा म्हाताऱ्याला," तो म्हणाला. "भ्रम झालाय त्याला. काय बी बरळतोय." मला वाचवलं आणि माझं बोलणंही पुसून टाकलं. लोक मागे सरले. तेवढ्यात बायकांच्या पंगतीतून माझी बायको उठली. तिला मोठ्यानं बोलायची सवय नाही.

"मादी व्हती," ती म्हणाली. "मी भाकरी घालत व्हते तिला. आमच्या रानातल्या तारंनं तिचा गळा चिरला व्हता. मला तवाच दिसलं व्हतं, मी बी गप बसले. आता कुनाकुनाला भ्रम झालाय म्हनायचं त्ये ठरवा."

 शेजाऱ्यानं डाव पातेल्यात टाकला आणि घरी निघून गेला. तो पुढे कधी माझ्याशी बोलला नाही, आणि मी खोटं बोललो असंही कधी म्हणाला नाही. चौथरा आहे तिथंच आहे. जेवणही होतं. हकीकत अजून सांगतात, फक्त मी समोर असलो की थांबतात.

दिवाळीनंतर धनगराचा मुलगा मेंढरं घेऊन मोठ्या रस्त्यानं चालला होता. मी त्याला गाठलं आणि माझ्या रानात मेंढरं बसवायला बोलावलं. त्यानं मेंढरं वळवली. दुसऱ्या दिवशी धान्याचं पोतं न्यायला दारात आला तेव्हा बायकोनं तांब्या पुढे केला.

"पानी नगं आजी," तो म्हणाला. "बाबांनी सांगितलंय, बोलावलं तर रानात मेंढरं बसव. त्या घरचं पानी पिऊ नगं."

बायकोनं तांब्या आत नेला. तो पोतं खांद्यावर घेऊन, मेंढरं पुढे घालून निघाला. मी ओट्यावर बसून बघत होतो. रस्त्याच्या वळणावर वरच्या आळीतल्या एका शेतकऱ्यानं त्याला थांबवलं. त्या दिवशी माळावर जे होते त्यांच्यातला एक. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. त्या शेतकऱ्यानं हात लांब करून आपलं रान दाखवलं, आणि थोड्या वेळानं मेंढरं तिकडे वळली.